क्ले रेगाझोनी : मणक्याची इजा आणि न मिटलेला वाद

३० मार्च १९८०. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लाँग बीच हे बंदराचे शहर. शहरातलेच रस्ते बंद करून आणि कडेने काँक्रीटच्या भिंती उभ्या करून तेथे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत सुरू होती. निम्म्याहून अधिक शर्यत झाली होती. चाळीस वर्षांचा स्विस चालक क्ले रेगाझोनी अगदी मागच्या रांगेतून सुटून चौथ्या क्रमांकावर आला होता. समुद्रकाठच्या लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी एक वळण होते. ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगात आलेली गाडी तेथे काही क्षणांत हळू करावी लागे. रेगाझोनीने ब्रेकवर पाय दाबला आणि पेडल तुटले.

ब्रेक लागला नाही तर वळण न घेता गाडी सरळ जाऊ द्यायची, यासाठी अशा ठिकाणी एक वाट मोकळी ठेवलेली असते. रेगाझोनीची गाडी त्या वाटेत शिरली. पण तेथे रिकार्दो झुनिनो या चालकाची बंद पडलेली गाडी आधीपासून उभी होती. रेगाझोनीची गाडी तिला घासून पुढे काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. त्याला बाहेर काढून रुग्णालयात नेले गेले. जीव वाचला, पण पाठीचा मणका मोडला होता आणि आतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती. कमरेखालची हालचाल गेली, ती पुन्हा आली नाही.

चूक कोणाची, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला. पेडल बनवणाऱ्यांची? मोकळ्या वाटेत गाडी राहू देणाऱ्या संयोजकांची? की धोका माहीत असूनही या खेळात उतरणाऱ्या चालकाची? रेगाझोनीला हा प्रश्न नवा नव्हता. बारा वर्षांपूर्वी याच प्रश्नाने त्याला आरोपीच्या जागी उभे केले होते.

बंदी असलेल्या देशातला चालक

जियानक्लॉदिओ रेगाझोनी, म्हणजे सर्वांचा क्ले, ५ सप्टेंबर १९३९ रोजी लुगानो येथे जन्मला. लुगानो स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, तिचिनो प्रांतात येते. येथील लोक इटालियन बोलतात आणि इटलीची सीमाही जवळच आहे. मोटारींच्या शर्यतींचे वेड सीमेपलीकडून सहज इकडे येई. अडचण कायद्याची होती. १९५५ साली फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर गोल मार्गावरील मोटार शर्यतींना बंदी घातली. डोंगराच्या चढावर घड्याळ लावून एकेका गाडीला सोडण्याच्या शर्यती तेवढ्या चालू राहिल्या.

रेगाझोनीने १९६३ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्स कार घेऊन शर्यतींत भाग घ्यायला सुरुवात केली. तेव्हा तो चोविशीत येत होता. या खेळाच्या हिशेबाने उशीरच म्हणायचा. पुढे तो फॉर्म्युला थ्री आणि फॉर्म्युला टू या पायऱ्या चढत गेला. गाडी तो आडदांडपणे चालवी. मागे हटणे त्याला ठाऊक नव्हते. हसरा चेहरा, जाड मिशी आणि मोकळा स्वभाव यांमुळे प्रेक्षकांना तो आवडे. शेजारून गाडी चालवणाऱ्यांना मात्र त्याची धास्ती वाटे.

१९६८ साली मोनॅको येथे त्याची गाडी वळणावर सुटून लोखंडी कठड्याखाली घुसली. वेळेवर खाली वाकल्यामुळे त्याची मान वाचली. त्याच वर्षी जुलैमध्ये हॉलंडच्या झांडव्होर्ट येथील फॉर्म्युला टू शर्यतीत त्याची आणि ख्रिस लँबर्ट या तरुण ब्रिटिश चालकाची गाडी एकमेकींना लागली. लँबर्टचा मृत्यू झाला. चौकशी झाली आणि रेगाझोनी निर्दोष ठरला. पण लँबर्टच्या वडिलांना तो निर्णय मान्य नव्हता. त्यांच्या दृष्टीने मुलाच्या मृत्यूला रेगाझोनीच जबाबदार होता. हे प्रकरण पुढे कित्येक वर्षे रेगाझोनीच्या मागे राहिले. त्याच्या आडदांडपणाच्या ख्यातीला आता एका मृत्यूची सावली चिकटली. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात दोन गाड्यांमध्ये काय घडले हे सांगू शकणारे दोघे होते. त्यातला एक गेला आणि दुसरा आरोपी होता.

जिंकण्याची आणि वाचण्याची वर्षे

१९७० हे त्याच्या नशिबाचे वर्ष ठरले. त्या वर्षी तो फॉर्म्युला टूचा युरोपीय विजेता झाला आणि फेरारीने त्याला फॉर्म्युला वनमध्ये उतरवले. सप्टेंबरमध्ये इटलीतील मोंझा येथे सरावात योखेन रिंट या आघाडीच्या चालकाचा मृत्यू झाला. तो दिवस रेगाझोनीच्या एकतिसाव्या वाढदिवसाचा होता. दुसऱ्या दिवशीची शर्यत रेगाझोनीने जिंकली. फेरारी, मोंझा आणि इटालियन बोलणारा चालक असा योग जुळल्यावर प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले.

१९७३ साली तो ब्रिटनच्या बीआरएम संघात होता. दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्याची गाडी माइक हेलवुडच्या गाडीवर आदळली आणि पेटली. रेगाझोनी आत बेशुद्ध होता. हेलवुड आगीत शिरला, स्वतःचे कपडे पेटले म्हणून बाहेर आला, ते विझवून पुन्हा आत गेला आणि त्याने रेगाझोनीला ओढून काढले. हेलवुडला त्यासाठी ब्रिटनचे जॉर्ज मेडल मिळाले. रेगाझोनी किरकोळ भाजण्यावर निभावला. ज्या धडकेनंतर एकाने दुसऱ्याचा जीव वाचवला, तिच्यात चूक कोणाची याची चर्चा फारशी झाली नाही.

पुढच्या वर्षी तो फेरारीत परतला. बीआरएममधला त्याचा तरुण सहकारी निकी लाउडा फेरारीत आला, तो रेगाझोनीच्या शिफारशीने. १९७४ साली शेवटच्या शर्यतीला निघताना रेगाझोनी आणि ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी यांचे गुण सारखे होते. विजेतेपद फिटिपाल्डीला मिळाले: ५५ विरुद्ध ५२. रेगाझोनी त्यापेक्षा वर कधी गेला नाही. १९७६ साली लाँग बीच येथे पहिल्यांदा फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तीत सर्वांत पुढून सुरुवात, सर्वांत वेगवान फेरी आणि विजय हे तिन्ही मान त्याने मिळवले. चार वर्षांनी त्याच शहरात त्याचे पाय गेले.

१९७९ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे त्याने विल्यम्स संघाला त्याचा पहिलावहिला विजय मिळवून दिला. संघाचे पुरस्कर्ते सौदी अरेबियाचे असल्यामुळे व्यासपीठावर शॅम्पेनऐवजी संत्र्याच्या रसाने आनंद साजरा झाला. तरी पुढच्या वर्षासाठी विल्यम्सने त्याला ठेवले नाही. तो एन्साइन या छोट्या संघाकडे गेला आणि त्यांच्याच गाडीत लाँग बीचचा अपघात झाला. तोवर त्याने १३२ फॉर्म्युला वन शर्यतींत भाग घेतला होता आणि पाच जिंकल्या होत्या.

मणक्याच्या आत काय घडते

मणक्यांच्या साखळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची जाडी साधारण हाताच्या करंगळीएवढी असते. मेंदूचा हुकूम स्नायूंकडे आणि त्वचेची जाणीव मेंदूकडे नेणारे लक्षावधी तंतू त्यात असतात. जोराच्या आघाताने मणका मोडला किंवा सरकला की रज्जू चेपला जातो. ही पहिली इजा. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत सूज येते, रक्तस्राव होतो, रक्तपुरवठा घटतो आणि ज्या पेशी पहिल्या आघातात वाचल्या होत्या त्याही मरू लागतात. ही दुसरी इजा. अपघातस्थळी रुग्णाला कसे हलवले आणि श्वास व रक्तदाब किती नीट सांभाळला, यावर दुसऱ्या इजेचे प्रमाण काही अंशी ठरते.

हाताच्या किंवा पायाच्या नसेला इजा झाली तर तिचे तंतू हळूहळू वाढून पुन्हा जुळू शकतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांतले तंतू तसे वाढत नाहीत. आतले वातावरणच वाढीला रोखणारे असते, शिवाय इजेच्या जागी व्रण तयार होतो. त्यामुळे रज्जू पूर्ण निकामी झाला तर त्या पातळीखालची हालचाल आणि संवेदना परत येणे फार दुर्मीळ असते. इजा छातीच्या किंवा त्याखालच्या पातळीवर असेल तर हात वाचतात आणि दोन्ही पाय जातात. यालाच पॅराप्लेजिया म्हणतात.

लोकांना दिसतात ते न हलणारे पाय. रुग्णाचा दिवस जातो तो इतर गोष्टींत. लघवी भरल्याची जाणीव होत नाही आणि ती नीट बाहेरही पडत नाही. ती साठून राहिली तर जंतुसंसर्ग होतो आणि हळूहळू मूत्रपिंडे खराब होतात. म्हणून ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकावे लागते. शौचाला वेळ बांधून घ्यावी लागते. बसल्या जागी त्वचा दबून रक्तपुरवठा थांबतो, पण दुखत नसल्यामुळे कळत नाही. तेथे शय्याव्रण होतात आणि ते हाडापर्यंत पोहोचू शकतात. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. स्नायू आखडतात. इजा वरच्या पातळीवर असेल तर खालच्या भागाला घाम येत नाही आणि उन्हात शरीर तापत जाते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण एक-दोन वर्षांत मरत. कारण असे मूत्रसंसर्ग किंवा शय्याव्रणातून पसरलेले विष. डॉक्टरही हात टेकत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. गुटमान हे नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू मज्जातज्ज्ञ. त्यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, मूत्राशयाची काळजी काटेकोरपणे घ्यायची, लवकर बसते करायचे आणि हातांना काम द्यायचे, एवढे त्यांनी कडक शिस्तीने लागू केले. रुग्ण जगू लागले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा अपंग सैनिक व महिलांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले, ते याच परंपरेतल्या स्पर्धेत.

रेगाझोनीला अपघात झाला तेव्हा गुटमान यांच्या पद्धती युरोपात रुळल्या होत्या. १९३० च्या दशकात असा अपघात झाला असता तर त्याची गोष्ट बहुधा तेथेच संपली असती.

दोन लढाया

अपघातानंतर रेगाझोनी एकाच वेळी दोन लढाया लढत होता. एक शरीराशी आणि दुसरी संयोजकांशी.

शरीराच्या बाबतीत त्याने आधी हार मानलीच नाही. पुन्हा चालता येईल ही आशा त्याने बराच काळ धरली. त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतल्या, व्यायाम केले. पाय परत आले नाहीत. मज्जारज्जूच्या रुग्णांमध्ये हा टप्पा जवळजवळ नेहमी दिसतो. दर महिन्याला नवा डॉक्टर आणि नवी शस्त्रक्रिया शोधली जाते. घरच्यांना वाटते की आशा सोडणे म्हणजे रुग्णाला सोडणे. पण सारे बळ पाय परत आणण्यात गेले की चाकाच्या खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकायला शिकणे, मूत्राशय सांभाळणे, खांदे बळकट करणे ही कामे मागे पडतात. पुनर्वसन याच कामांनी होते.

दुसरी लढाई न्यायालयात झाली. बाहेर पडायच्या वाटेत दुसरी गाडी राहू दिली आणि सुरक्षेची व्यवस्था अपुरी होती, असे रेगाझोनीचे म्हणणे होते. त्याने शर्यतीच्या संयोजकांवर दावा लावला आणि तो हरला.

या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते. पेडल तुटले नसते तर गाडी त्या वाटेत गेलीच नसती; तो दोष यंत्राचा. पण पेडल कधीतरी तुटेल, ब्रेक कधीतरी निकामी होतील, हे गृहीत धरूनच ती वाट ठेवलेली असते. तीच अडलेली असेल तर तिच्या असण्याला अर्थ उरत नाही. शिवाय शहरी रस्त्यांवरच्या शर्यतीत काँक्रीटच्या भिंती जवळ असतात, हे प्रत्येक चालकाला माहीत होते. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मोठ्या अपघातांचा अभ्यास करून पुढे एक कल्पना मांडली. सुरक्षेचा प्रत्येक थर म्हणजे भोके असलेला चीजचा काप. एका कापाचे भोक दुसरा काप झाकतो. सगळ्या कापांची भोके एका रेषेत आली की अपघात आरपार होतो. लाँग बीचला पेडल, अडलेली वाट आणि भिंत अशी तीन भोके एका रेषेत आली. शस्त्रक्रियेतल्या चुका टाळण्यासाठी रुग्णालयांतही आज हाच विचार वापरतात.

न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा असतो. कायद्याने भरपाई कोणी द्यायची, एवढेच तेथे ठरते. दावा हरला म्हणजे दुसऱ्या बाजूची चूक नव्हती असे सिद्ध होत नाही, आणि जिंकला म्हणजे पाय परत येत नाहीत. झांडव्होर्टला रेगाझोनी निर्दोष ठरला तेव्हा लँबर्टच्या वडिलांच्या मनाला निर्णय पटला नव्हता. लाँग बीचनंतर न पटलेल्या निर्णयाची बाजू रेगाझोनीच्या वाट्याला आली.

दोष आणि बरे होणे यांचा संबंध काय, हा प्रश्न वैद्यकालाही पडलेला आहे. १९७७ साली रॉनी जानोफ-बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अपघातात अर्धांग झालेल्या २९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघाताचा दोष दुसऱ्यावर टाकणारे, आणि तो टाळता आला असता असे मानणारे, नव्या आयुष्याशी कमी जुळवून घेत होते. दोषाचा काही भाग स्वतःकडे घेणारे अधिक जुळवून घेत होते. अभ्यास छोटा होता आणि नंतरच्या अभ्यासांत चित्र इतके सरळ दिसले नाही. त्यातून रुग्णाला उपदेश करणे चुकीचे ठरेल. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याने भरपाई मागायलाच हवी. घरच्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावे. खटल्याला वर्षे लागतात आणि तोवर फिजिओथेरपी थांबवता येत नाही. निकाल लागला की मग पुढचे पाहू, असे म्हणणाऱ्या रुग्णाचे सांधे निकालापूर्वीच आखडतात.

रेगाझोनी थांबला नाही, हेच त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे वळण ठरले.

हातांनी चालवलेली गाडी

पाय निकामी झालेल्या माणसाला गाडी चालवता येते, हे आज अनेकांना माहीत आहे. स्टीअरिंगजवळ एक दांडा किंवा कडे बसवतात. एका दिशेने दाबले की वेग वाढतो, दुसऱ्या दिशेने दाबले की ब्रेक लागतो. क्लच आपोआप चालेल अशी योजना असते. अवघड जाते ते शरीर सांभाळणे. कमरेचे आणि पोटाचे स्नायू काम करत नसतील तर वळणावर धड कलंडते, म्हणून पट्ट्यांनी घट्ट बांधून घ्यावे लागते. आसनाखाली खास गादी लागते, नाहीतर काही तासांत त्वचा फाटते. पायाला चटका बसला किंवा तो कुठे अडकला तर कळत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहत राहावे लागते.

रेगाझोनी हे सगळे शिकला आणि पुन्हा शर्यतींत उतरला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर त्याने हातांनी चालवायच्या गाडीतून वाळवंटातून जाणाऱ्या पॅरिस-डकार रॅलीत भाग घेतला. अमेरिकेतील सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतीतही तो उतरला. वाळू, ऊन, खाचखळगे आणि तासन्‌तास एका जागी बसणे, यांतली प्रत्येक गोष्ट मज्जारज्जूच्या रुग्णासाठी धोक्याची. हौस म्हणून प्रत्येकाने करावे असे हे काम नव्हे. पण इतक्या गंभीर अपंगत्वासह वरच्या पातळीवरच्या शर्यतींत अधिकृत परवान्याने उतरणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता.

त्याहून मोठे काम शर्यतींबाहेर झाले. इटलीत अपंगांना गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेच्या कामात, आणि त्यांना चालक म्हणून व स्पर्धक म्हणूनही परवाना मिळावा या खटपटीत त्याने स्वतःला झोकून दिले. अपंगाच्या आयुष्यात गाडीचे महत्त्व धडधाकट माणसाला सहज कळत नाही. बसच्या पायऱ्या, रेल्वेचे फलाट, रस्त्याच्या कडा या सगळ्यांनी त्याची वाट अडवलेली असते. स्वतः गाडी चालवता आली की नोकरी, दवाखाना, मित्रांचे घर हे सगळे पुन्हा आवाक्यात येते. पुनर्वसनाचे यश मोजताना डॉक्टर पायांची ताकद तपासतातच. त्यापेक्षा रुग्ण आठवड्यात किती वेळा घराबाहेर पडतो, कामावर परतला का, दुसऱ्यावर किती अवलंबून आहे, हे प्रश्न जास्त खरे उत्तर देतात.

त्याने दूरचित्रवाणीवर शर्यतींचे समालोचन केले, आत्मचरित्र लिहिले. व्हीलचेअरवरून तो सर्किटवर येई तेव्हा गर्दी त्याच्याभोवती जमे. इटलीचा चालक आलेक्स झानार्डी याने २००१ साली जर्मनीतील अपघातात दोन्ही पाय गमावले. तोही हातांनी चालवायच्या गाडीतून शर्यतींत परतला आणि २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. तोपर्यंत अपंग चालकाला परवाना देणे ही कल्पना अधिकाऱ्यांना चमत्कारिक वाटेनाशी झाली होती. त्यामागे रेगाझोनीची खटपट होती.

शेवट, आणि एक काळजी

१५ डिसेंबर २००६ रोजी इटलीतील पार्माजवळ महामार्गावर रेगाझोनीची गाडी एका ट्रकला मागून धडकली आणि तो ठार झाला. तो ६७ वर्षांचा होता. आगीतून, कठड्याखालून आणि काँक्रीटच्या भिंतीतून वाचलेला माणूस साध्या प्रवासी गाडीत, साध्या रस्त्यावर गेला. लुगानोत त्याचे अंत्यसंस्कार झाले.

त्याच्या आयुष्यातला एक धडा मात्र शर्यतीच्या मैदानापुरता नाही. रस्त्यावरच्या अपघातात मणका मोडलेला माणूस शुद्धीत असू शकतो, बोलू शकतो, कधी रक्ताचा थेंबही दिसत नाही. लोक मदतीच्या घाईत त्याला काखेत हात घालून उठवतात, बसवून पाणी पाजतात, रिक्षात दुमडून घालतात. आतला अर्धवट चेपलेला रज्जू त्या हालचालीत पूर्ण तुटू शकतो. उंचावरून पडलेला, वेगाच्या धडकेतला, मान किंवा पाठ दुखते म्हणणारा, हातापायांना मुंग्या येतात किंवा ते हलत नाहीत असे सांगणारा प्रत्येक रुग्ण मणका मोडलेला समजावा. आग, वाहतूक किंवा पाणी यांचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला हलवू नये. डोके दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरून ठेवावे. हलवणे भागच पडले तर तीन-चार जणांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून ओंडका फिरवावा तसे एकदम कुशीवर वळवावे आणि सपाट फळीवर घ्यावे. श्वास थांबला असेल तर मात्र श्वास आधी, मणका नंतर.

नंतरच्या काळजीचेही तसेच. पहिल्या दिवसापासून दर दोन तासांनी कुशी बदलणे, त्वचा रोज पाहणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे आणि सांधे हलवत राहणे ही कामे घरच्या माणसांना शिकता येतात. त्यांना मोठे यंत्र लागत नाही, खर्चही फार नाही. ती झाली नाहीत तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

रेगाझोनीच्या दोन्ही वादांचा निकाल कागदावर लागला, पण संबंधितांच्या मनात तो तसाच राहिला. झांडव्होर्टला नेमके काय घडले आणि लाँग बीचची ती वाट मोकळी असती तर काय झाले असते, यावर शर्यतींचे जुने चाहते आजही बोलतात. फॉर्म्युला वनमध्ये तो दहा वर्षे होता. चाकाच्या खुर्चीवर तो सव्वीस वर्षे जगला, आणि त्यातली बरीचशी गाडी चालवण्यात गेली.